पांढरा फडका

सातारच्या एमआयडीसीत बशीर मुलाणीनं टायटॅनियमचा सांधा जोडला, की त्याचा रंग बघायला कुणी वाकत नसे. सव्वीस वर्षांचा हात होता. नव्या माणसांना तो एकच गोष्ट बजावायचा. हा धातू तापलेला असताना त्याला हवा लागू द्यायची नाही. जाळ विझला तरी वेल्डिंगचा टॉर्च जागेवर धरायचा, सांधा निवेपर्यंत त्यावर आर्गन वायू सोडत राहायचा. सांधा चांदीसारखा राहिला तर ठीक. निळा-करडा पडला तर हवा शिरली, धातू ठिसूळ झाला. तो आज ना उद्या तडकणार.

त्या सोमवारी गिऱ्हाइकाकडचे साहेब मागं उभे होते. त्यांना हाताचा वेग दाखवावा म्हणून बशीरनं टॉर्च लवकर उचलला. सांधा निळा-करडा पडला. साहेब चहाला वळले, तेवढ्यात त्यानं तारेचा ब्रश मारून तो चकचकीत केला.

बुधवारी पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना ती नळी त्याच सांध्यावर तडकली. कडेला तेल राहिलं असणार, असं सुपरवायझर जयराज म्हणाला. तेलानंही तडा जातो. जोडण्याआधी कडा अॅसिटोननं पुसायचं काम लोणंदच्या हरणाबाईंचं. फडका पांढरा निघेपर्यंत त्या पुसत. शनिवारपासून येऊ नका, असं जयराजनं त्यांना सांगितलं. बशीर तिथंच उभा होता. त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले.

शुक्रवारी हरणाबाई त्याच्याकडं आल्या. प्रत्येक सांध्याचा शेवटचा फडका त्या नंबर घालून जपून ठेवत. त्या सांध्याचा फडका त्यांनी उजेडात धरला.

"बशीरभाई, तुमची नजर चांगली हाय. डाग कुठं ऱ्हायलाय, तेवढं दावा."

फडका कोरा होता. दोन दिवस जास्तीचं घासून त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

"डाग न्हाई, हरणाबाई. टॉर्च मीच आदी उचलला. निळा पडला, तो ब्रशनं घासला."

त्यांनी फडक्याची घडी घातली. "मग परवा तोंडात मिठाची गुळणी धरली व्हती व्हय?"

बशीरला मान वर करता आली नाही. तसाच तो जयराजकडं गेला आणि सगळ्यांसमोर तेच बोलला.

हरणाबाईंचं काम राहिलं. बशीरचा टॉर्च काढून घेतला. वेल्डरची परीक्षा पुन्हा पास होईपर्यंत त्यानं हरणाबाईंच्या हाताखाली कडा पुसायच्या होत्या.

पहिला फडका त्यानं पुढं केला. त्यांनी तो खिडकीकडं धरला आणि परत दिला.

"पुन्यांदा."

त्याला फडका पांढराच दिसत होता. त्यानं पुन्हा पुसलं.