भावाची होडी बंदरात असेल तर

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. तारापूरच्या एका कारखान्यात पाणी तपासायचं काम करत होते. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा वर्षभराचा अभ्यासक्रम मस्कतला आहे आणि शिष्यवृत्तीही मिळते, हे कळल्यावर तयारीला लागले. कागदपत्रांच्या यादीतलं काही राहिलं नाही. चूक झाली ती पालक निवडताना.

मुलींच्या वसतिगृहाला पालक म्हणून घरातला पुरुष हवा होता. वडील नाहीत, लग्न केलेलं नाही. म्हणून घिवली गावात मासेमारी करणाऱ्या धाकट्या भावाचं नाव दिलं. तेव्हा पावसाळ्यामुळे मासेमारी बंद होती. होडी किनाऱ्यावर ओढलेली, भाऊ ओट्यावर जाळी विणत बसलेला आणि फोन मांडीवर. तो असाच हाताशी असणार, असं मी धरून चालले.

वसतिगृह चकचकीत होतं. जेवणसुद्धा फोनवरून मागवायचं. बाहेर जायचं तर त्याच दिवशी फोनवरून विनंती करायची, ती पालकाकडे जायची आणि त्याने 'हो' दाबलं की वॉर्डनबाई आमचं ओळखपत्राचं कार्ड ठेवून घेऊन फाटक उघडायच्या. नारळी पौर्णिमा झाली, भाऊ दर्यात गेला. तिथे रेंज नाही.

वर्गातल्या एका ओमानी मुलीशी मैत्री झाली. तिची आई गावी किनाऱ्यावर तारली मासळी वाळवायची. शुक्रवारी सुट्टीला घरी ये, असा तिचा आग्रह. मला ते घर पाहायचंच होतं. कितीतरी शुक्रवार तयार होऊन खोलीत बसून राहिले. पालक बदलता येईल का, असं वॉर्डनबाईंना विचारलं. पुढच्या वर्षी, म्हणाल्या.

वहिनीला फोन केला तर ती आधी पोटभर हसली. "ज्याच्या शाळेच्या अर्जावर तू सह्या केल्यास, त्याला इचारून आता तू भायेर जाणार? मी तर नाय इचारत कधी." मग म्हणाली, "भांगाला येल तो. तवा दाबायला लावते."

मला हे आधीच सुचायला हवं होतं. भावाची जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. अष्टमीच्या आसपास ती ओढ मंदावते, तो भांग, तेव्हा होडी बंदरात. पुनव-अमावास्येला उधाण, तेव्हा होडी दर्यात. मी भांगात येणारे शुक्रवार शोधून ठेवले.

अशा पहिल्याच शुक्रवारी विनंती गेली आणि भावाचा फोन आला. "ताय, कोणाकडं जातेस? घरात पुरुष कोण कोण हाय?" झापणार होते, पण 'हो' त्याच्या हातात होतं. सगळं मुकाट सांगितलं.

फाटक उघडलं. वाळूवर तारल्या पसरलेल्या, मैत्रिणीची आई त्या उलटत होती. मीही शेजारी बसून उलटू लागले. तिने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि आपली टोपली माझ्याकडे सरकवली.

पुढे मैत्रिणीचं लग्न ठरलं. तिच्या आईने माझ्या मापाचा झगा शिवला. तारीख कळली, तर पुनव. होडी एक दिवस थांबव, असं भावाला विनवलं.

"उधाण सोडून घरी बसू? खलाशांना काय सांगू?"

त्याचं खोटं नव्हतं.

भाऊ नको म्हणतो का, मैत्रिणीने विचारलं. तो नको म्हणत नाही, मी सांगितलं, तो हो म्हणायला नसतो. तिला ते पटलं नसावं, पण झगा तिने खोलीवर आणून दिला.

लग्नाच्या संध्याकाळी तो घालून मी विनंती पाठवली आणि फाटकापर्यंत जाऊन कार्ड पुढे केलं. वॉर्डनबाईंनी बाहीवरची जर बोटांनी चाचपून पाहिली. फार सुरेख आहे, म्हणाल्या, आणि माझं कार्ड परत दिलं.