दांडाचाचांनी ठेवलेली ढील

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. चौथीपर्यंतच शिकले. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

रिसोडला चाचांचं गॅरेज होतं. गाडी कोणतीही आणा, चाचा आधी हवेत दांडा धरल्यासारखे हात करत. "पयल्या मोटारीले हाती धराले चाक कुठं होतं? दांडा धरून वळवत. गोटा लागला का दांडा असा हिसका मारे, मानूस खाली." म्हणून सगळे त्यांना दांडाचाचा म्हणत.

मग ते कोण्या शेठच्या जुन्या मोटारीचा, कापून उघडा केलेला स्टेअरिंगचा डबा दाखवत. आत जाड पेच, त्याला लागून दाते. "पेच दात्याले फिरवते, पन दाता पेचाले फिरवत नाही. मंग हिसका हातावर येईन कसा?" मी मान हलवायची. घरी लाटणं फिरवून पाहायची, तरी कळायचं नाही.

आमची भाजीची जीप जुनी. स्टेअरिंग सैल झालं, म्हणून चाचांकडे दिली. त्यांनी दीड हजार घेतले, तरी चाक दोन बोटं रिकामं फिरायचंच. आमचे हे नुसतं चाक हलवून पाहत बसले. मी कधी नाही ते बोलले, "चाचा, ढील तं तशीच हाय."

"मीच ठेवली, बेटी. सारी काढली तं वळल्यावर चाक माघारी येनार नाही."

"पैसे घेतले, अन् ढीलबी ठेवली?"

चाचांनी खिशातून दीड हजार काढून माझ्या हातावर ठेवले. "जाय. पन कसू नको."

आम्ही दुसरीकडे कसून घेतलं. चौथ्या दिवशी बाजाराला येताना पुलाजवळ चाक वळलं ते वळलेलंच राहिलं. जीप नाल्यात, यांचा हात मोडला. हे म्हणाले, "चाचाची हाय लागली." हाय लागली की पेच अडकला, मला अजून सांगता येत नाही.

जीप परत चाचांकडे नेली, त्यांनी पुन्हा ढील ठेवून दिली. पैसे मागितले नाहीत. मला मान वर करवेना. पुढच्या बाजाराला देऊ म्हटलं, तर त्याआधीच चाचा वारले.

मी पैसे घेऊन चाचींकडे गेले. कसले म्हणून सांगावं, सुचेना. "ढीलीचे," म्हटलं.

"थे सांगून गेले होते," चाची म्हणाल्या. "भाजीवाली येईन, तिच्याजवळून घेजो. नाही घेतले तं तिले झोप येनार नाही."

त्यांनी पाचशेच्या तिन्ही नोटा घेतल्या आणि न मोजता पदरात बांधल्या.