कानपिळीचं घड्याळ

लेकाच्या लग्नात मला धास्ती होती ती कानपिळीची. नवरीचा भाऊ मांडवात नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो, आणि नवऱ्याने त्याला काहीतरी द्यायचं असतं. आमच्याकडे घड्याळ देतात. एरवी त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आमच्या सुनेचा भाऊ घाटकोपरला घड्याळांच्या शोरूममध्ये कामाला. त्याच्या हातात भर मांडवात नकली घड्याळ पडलं तर त्याला कळणार, त्याच्या आईला कळणार, आणि पोरीला सासरच्या पहिल्याच दिवशी माहेरच्यांसमोर मान खाली घालावी लागणार.

ही भीती उगाच नव्हती. घड्याळ आणायचं काम माझ्या नवऱ्याने अंगावर घेतलं होतं. कुणाच्या तरी ओळखीचा एक जण मालाडला परदेशी घड्याळं निम्म्या किमतीत विकतो, असं त्यांना ऑफिसात कळलं होतं.

"निम्म्या किमतीत का देतो?" मी विचारलं.

"ओळख आसा म्हणान." वाद घालायचा असला की त्यांची मालवणी बाहेर येते. "तुका काय कळता घड्याळातला? तू गप रव."

गप राहणं मला कधीच जमलेलं नाही. खोटं घड्याळ कसं ओळखायचं याचे मोबाइलवर मिळतील तेवढे व्हिडिओ मी बघितले, सासऱ्यांचं पेपर वाचायचं भिंग पर्समध्ये टाकलं आणि नवऱ्याबरोबर मालाडला गेले.

मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या छोट्याशा गाळ्यात तो विक्रेता बसला होता. त्याने खणातून मखमली डबी काढली. निळ्या तबकडीचं घड्याळ, दिसायला झकास. माझा नवरा तर लग्गेच खूश झाला.

"वहिनी, एकदम ओरिजनल. डोळे झाकून घ्या."

"ऑटोमॅटिक आहे ना?"

"तर! सेल टाकायची भानगडच नाही."

मी घड्याळ तळहातावर ठेवलं आणि नुसती बघत राहिले. ऑटोमॅटिक घड्याळाचा सेकंदकाटा कसा अलगद सरकत जातो. हा मात्र टुक टुक उड्या मारत होता, म्हणजे आत सेल होताच. मग भिंग काढलं. तबकडीवरच्या अक्षरांच्या कडा पसरलेल्या, एक अक्षर दुसऱ्यापेक्षा किंचित खाली. तारखेच्या चौकोनातला आकडा मधोमध नाही, एका कडेला चिकटलेला. साडी घेताना मी आधी उलटी बाजू बघते, तसं घड्याळही उलटं केलं. मागचा नंबर आणि डबीतल्या कार्डावरचा नंबर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

नवरा माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता. त्यांचं समाधान करायला मी विक्रेत्याला म्हटलं, "मला पसंत आहे. आत्ता आपण तिघं मिळून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ, त्यांनी बरोबर आहे म्हटलं की तिथेच पैसे देते."

त्याने घड्याळ माझ्या हातातून घेतलं आणि डबी मिटली. "विश्वास नसेल तर राहू द्या ना वहिनी."

मला एवढं हलकं वाटलं की परतीच्या रिक्षात मी गुणगुणत होते. नवऱ्याने मात्र तोंड फिरवलेलं. दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या जुन्या दुकानातून मी एक साधं देशी घड्याळ घेतलं. पांढरी तबकडी, चामड्याचा पट्टा, दुकानाचा शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड आणि पक्कं बिल. "मालाडचा काय वाईट होता?" हे वाक्य लग्नापर्यंत मी रोज ऐकलं.

तरी मांडवात धास्ती होतीच. सुनेच्या भावाने कान पिळला, माझा लेक ओरडला, सगळे हसले. बायकांनी "बघू, बघू, काय मिळालं" म्हणत घेराव घातला. भावाने डबी उघडली, घड्याळ उलटं करून पाठ बघितली, कानाला लावलं, आणि कार्ड वाचून माझ्याकडे बघून पसंतीची मान डोलावली. सुटकेने मला रडूच यायला लागलं होतं.

"काकू, हे जरा धरता?" त्याने आपल्या हातातलं घड्याळ सोडून माझ्याकडे दिलं आणि आमचं मनगटावर बांधलं.

मी त्याच्या घड्याळाकडे बघितलं. निळी तबकडी. टुक, टुक, टुक. एक अक्षर किंचित खाली.

मी वर बघितलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, कुणाला सांगू नका हां. भारी घड्याळ हातात दिसलं तरच गिऱ्हाईक ऐकतं. खरं घ्यायला कुठून परवडणार?"

"कुणाला सांगते मी?" मी म्हटलं आणि ते पर्समध्ये टाकलं. ज्याच्या परीक्षेच्या भीतीने इतके दिवस मला जेवण गोड लागलं नव्हतं, तो माझ्याहून जास्त घाबरलेला होता. मला तो एकदम घरचा वाटला.

घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने किल्लीसाठी पर्स उघडली आणि ते घड्याळ त्यांच्या हाती लागलं. "हा खंयचा?"

"सुनेच्या भावाचं. घाईत राहिलं."

त्यांनी ते दिव्याखाली धरलं, मनगटावर बांधून बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगो, मालाडचाच हा! शोरूममधलो माणूस स्वतः घालता, आणि तू त्याका खोटा म्हणालंस."

उत्तर माझ्या ओठांवर होतं. भिंगही पर्समध्येच होतं.

"चुकलंच माझं," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.