मनकर्णाबाईची काविळीची माळ

मनकर्णाबाई माही मोठी जाऊ. अल्लीपुरात काविळीची माळ देणारी म्हणून पार देवळीपर्यंत तिचं नाव. कसल्याशा मुळांचे तुकडे दोऱ्यात गुंफून इवलीशी माळ करे अन् रोग्याच्या डोक्यावर ठेवे. माळ दिवसागणिक लांबत जाय. गळ्यात ये, पोटावर ये, पायाले लागली का कावीळ उतरली म्हणायचं. एक पैसा घेत नोती. लोक बरेही होत, खोटं काऊन बोलू? पण त्यापायी बाईले गर्व चढलता, हेही खरं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिची एकुलती एक पोरगी नलू माहेरी आली. डोळे हळदीवानी पिवळे. उजव्या बरगडीखाली अशी कळ ये, का पोरगी गुडघे पोटाशी घेऊन लोळे. अंगभर खाज, अन् रोज हुडहुडी भरून ताप. बाईनं माळ घातली.

नवव्या दिवशी माळ गुडघ्यापर्यंत आली, डोळे मात्र होते तसेच. मी म्हटलं, "बाई, हिले वर्ध्याले नेऊ. तिथं पोटातलं दाखवणारी मशीन आली म्हणते."

बाई भडकली. "दुसऱ्याच्या लेकराले माळ, अन् माह्या पोरीले दवाखाना? लोक तोंडात शेण घालतीन माह्या!"

"घालू द्या ना! पोरगी पाहिजे का नाव पाहिजे?"

मंग बाई माह्याशी बोललीच नाई. अन् मी मेली रुसून घरात बसली, त्याची चीड मले आजही येते. सतराव्या दिवशी माळ पायाले लागली. बाईनं शेजारपाजार बोलावून दाखवली. दुसऱ्या दिवशी नलू तापात बरळाले लागली, तवा कुठं आमी तिले एसटीत घातलं.

दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाईनं तिच्या पोटावर थंडगार चिकट काहीतरी लावलं अन् त्यावर हातातलं यंत्र फिरवलं. टीव्हीवानी पडद्यावर सारं राखाडी राखाडी. तिनं बोट ठेवून दाखवलं. पित्ताची नळी फुगलती, अन् तिच्यात एक पांढरा ठिपका.

"हा खडा. वाट अडवून बसलाय. वर पित्त सडलं, विष रक्तात गेलं."

बाई म्हणे, "माळ तर पायाले लागली होती."

"खडा निघाल्याशिवाय कावीळ कशी उतरेल? पंधरा दिवस आधी आणायची होती. इतके दिवस घरी कोणी ठेवली हिला?"

बाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलावरून नलूच जराशी भानावर येऊन बोलली, अगदी बारीक आवाजात, "मीच नाई आली, डॉक्टरीणबाई. माय तर रोज चाल म्हणे. मलेच ऑपरेशनचं भेव वाटे."

डॉक्टरीण मनकर्णाबाईकडे वळली. "खरं का हे?"

बाईनं मान हलवली. हो म्हणून.

त्याच दुपारी ऑपरेशन केलं. नलू शुद्धीवर आलीच नाई. सव्वीस वर्षांची होती वो माय!

त्यानंतर बाईनं कोणाले माळ देल्ली नाई. लोक म्हणत, दुःखानं सोडलं. तेरवीनंतर एक दिवस चुलीपाशी बसल्या बसल्या मले म्हणे, "सीते, पोरगी मरता मरता माह्यासाठी खोटं बोलली. अन् म्या तिले बोलू देल्लं."

त्या अंधाऱ्या खोलीत मीही तिथंच उभी होती.