पुष्पाबाईंनी चालवलेला प्रोग्राम

पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये कापूस तोलून घेणारे शालिकराम सत्त्याऐंशी साली चाळिशीला टेकले होते. वीस वर्षांच्या धुळीनं खोकला छातीत घर करून बसला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जिनिंग सोडा. सोडून जायचं कुठं? नागपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर येणार होता. प्रोग्रामिंगची परीक्षा पास झालात तर घेतो, असं तिथल्या साहेबांनी कबूल केलं होतं.

म्हणून दर रविवारी पॅसेंजरनं नागपूर. तिथं कॉम्प्युटरच्या क्लासात सहा महिने सगळं फळ्यावरच. मशीन काचेच्या खोलीत, सोवळ्यातल्या देवासारखं. हात लावायचा तो थेट परीक्षेत.

मग घरी सराव कसा करायचा? शालिकरामांनी रिकाम्या काडेपेट्यांवर ए, बी अशी अक्षरं लिहिली आणि आत तुरीचे दाणे ठेवले. ते वहीतल्या पाढ्याच्या प्रोग्रामची एकेक ओळ वाचायचे, बायको पुष्पा त्याप्रमाणे दाणे टाकायची, मोजायची, आकडा सांगायची. दिवसभर शेतात निंदण करून आलेली बाई जांभया देत देत कॉम्प्युटर झाली होती. सतराचा पाढा रोज शेवटपर्यंत बिनचूक यायचा. शालिकराम खूश. मला विचाराल तर तिथंच पाणी मुरत होतं.

परीक्षेत नेमका पाढाच आला. त्यांनी वहीतला प्रोग्राम जसाच्या तसा टाइप केला. पडद्यावर सतरा आले. पुन्हा सतरा. मग सतराच सतरा, थांबेचनात. सरांनी वाकून पाहिलं.

"अहो, गुणायचा आकडा दर खेपेला एकानं वाढवायची ओळच नाही यात."

नापास.

घरी येऊन त्यांनी वही पुष्पापुढं टाकली. "घरी त बराबर येत होतं!"

"मी टाकत होती ना दर खेपेले एक दाना."

"मी सांगतलं होतं का?"

"सांगा लागते का? तुम्ही थकून येता. विसरले असान म्हनून मीच टाकत होती."

रागवायला अंगात त्राण नव्हतं. उद्या पुन्हा जिनिंग होतंच. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. ही आपलं राहिलेलं गुपचूप भरून काढते, हा विचार सोळा वर्षांच्या संसारात त्यांना कधी शिवलाच नव्हता.

"आनखी काय काय करून राहिली तू असं, न सांगता?" त्यांनी हळूच विचारलं.

"जेवून घ्या आधी," पुष्पा म्हणाली आणि भाकर टाकायला उठली.