दोन कविता

नावाशिवाय कशालाही अस्तित्व नाही, असे मी बरीच वर्षे मानत आलो. परवा आमच्या वाचनालयाच्या छापील यादीत कवितासंग्रह शून्य निघाले.

ग्रंथपाल जोशीबाई हवालदिल झाल्या. "अहो, कपाट भरलंय! उद्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या हातात हेच द्यायचं?"

यादीचा प्रोग्रॅम माझ्या भाचीचा, मृणालचा. प्रोग्रॅमला ठाऊक असलेली सगळी नावे तिने पडद्यावर आणली. या नोंदीला सिम्बॉल टेबल म्हणतात. नावे मराठी, अक्षरे इंग्रजी. चरित्रांच्या खाली कविता दोनदा होती. एकीच्या शेवटी एक 'ए', दुसरीच्या शेवटी दोन. सगळे संग्रह पहिलीत होते आणि छापली जात होती दुसरी.

"मामा, नवं नाव दिसलं की प्रोग्रॅमची ही भाषा काही विचारत नाही. रिकामी जागा करून देते."

"ऱ्हस्व-दीर्घाची बोंब," जोशीबाई म्हणाल्या.

"बाई, खरं तर दोन 'ए'वालीच शुद्ध आहे."

मला ती भाषा आवडली. आमच्या गावात समित्या अशाच होतात; आधी नाव, मग फलक, आत कोणी नाही. पण इथे भरलेले नाव आणि रिकामे नाव शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरांत, अगदी गुण्यागोविंदाने बसली होती. बघत राहावेसे वाटले.

मृणालने शुद्ध कवितेचा एक 'ए' खोडला. दुसऱ्या दिवशी यादीत कपाटातला एकूण एक संग्रह होता. पाहुण्यांनी कार्यक्रमभर त्या यादीने वारा घेतला.