अक्कांचं सरपण आणि चौदावी मागणी

ज्या वर्षी मी आमच्या संघटनेचा चिटणीस झालो, त्या वर्षी माझ्याविरुद्ध कोणी उभं नव्हतं. मी स्वतःही उभा नव्हतो. सभेत अध्यक्षांनी विचारलं, शुद्ध मराठीत अर्ज कोणाला लिहिता येतो, आणि माझ्या शेजारच्याने माझा हात धरून वर केला.

संघटना राज्यभरातल्या वनरक्षकांची आणि वनपालांची. जळगाव आणि धुळे मिळून आमची एक शाखा. जंगलाचा एक तुकडा सांभाळतो तो वनरक्षक, आणि असे चार-पाच तुकडे ज्याच्या हाताखाली असतात तो वनपाल. मी वनपाल. अध्यक्षही वनपालच होते, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांचा कागदावर फार विश्वास होता. तोंडी सांगितलेली गोष्ट त्यांना ऐकूच येत नसे.

संघटनेचं वर्ष तसं ठरलेलं असतं. उन्हाळ्यात वणवे लागतात म्हणून सभेला कोणी येत नाही. पावसाळ्यात रोपं लावायची असतात म्हणून येत नाही. उरलेल्या दिवसांत निवृत्त होणाऱ्यांना शाल आणि नारळ द्यायचा, आणि वर्षातून एकदा मागण्यांचं निवेदन वर पाठवायचं. निवेदनात सतरा मागण्या होत्या. माझं काम इतकंच, की वरची तारीख बदलायची.

मी चिटणीस झाल्यावरची पहिली सभा जळगावला एका मंगल कार्यालयात झाली. तिथे शेवटच्या रांगेत एक वनरक्षक बाई बसल्या होत्या. वय तिशीचं. धुळ्याच्या बाजूला, सातपुड्यातून उतरणाऱ्या रस्त्यावर आमचा एक तपासणी नाका आहे, तिथे त्यांची नेमणूक होती. लाकूड वाहणाऱ्या गाड्या थांबवून कागद बघायचे, हे काम. त्या एसटी बदलत बदलत आल्या होत्या आणि निवेदनाची प्रत घडी घालून हातात धरून होत्या. मी वाचून संपवल्यावर त्या उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे नंबर कशावरून ठरतात?"

खात्यात मी त्यांचा साहेब लागत होतो, संघटनेत मी भाऊ आणि त्या ताई. मी सांगितलं, जी मागणी आधी आली ती वर, नंतरची खाली. त्यांनी विचारलं, वरची मान्य झाली की खालची वर सरकते का. मी म्हटलं, सरकते. मग आजवर किती सरकल्या, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मी सांगितलं की अजून एकही सरकलेली नाही.

चौदावी मागणी होती, तपासणी नाक्यांवर महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह असावे. ताईंनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि त्या खाली बसल्या. इतिवृत्तात मी लिहिलं, "चर्चेत सदस्यांनी उत्स्फूर्त भाग घेतला."

सभा संपल्यावर चहा घेताना नानांनी मला विचारलं की तो नाका मी पाहिला आहे का. मी पाहिला नव्हता. त्यांनीही पाहिला नव्हता. मग निवेदनात "अत्यंत गैरसोय" असं कशावरून लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधीच्या चिटणीसाने लिहिलंय. नानांनी कप खाली ठेवला आणि प्रत्यक्ष पाहणी करायची असं ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर गेलो. नाका म्हणजे पत्र्याची एक खोली, रस्त्यावर आडवा बांबू, एक टेबल, एक रजिस्टर आणि पाण्याने भरलेला माठ. पाहणीचा अहवाल नीट व्हावा म्हणून नाना सकाळपासून तिथेच बसले. दुपारपर्यंत त्यांनी तीन वेळा चहा घेतला आणि दोन वेळा नाल्याच्या पलीकडे जाऊन आले. ऊन चढल्यावर ते ताईंना म्हणाले, पाणी प्या जरा, सकाळपासून पाहतोय, घोटभर घेतलं नाही.

"तो माठ ड्रायव्हर लोकांसाठी आहे," ताई म्हणाल्या. "मी सकाळी घरून अर्धा कप चहा घेऊन निघते. ड्युटी संपून घरी गेले की मग पाणी."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, एखाद्या गाडीतल्या मालाची नोंद वाचावी तशा आवाजात. दुसऱ्या पाळीचे पुरुष नाल्याकडे जातात. ताईंनाही जाता आलं असतं, पण गाड्या नेमक्या तिथेच थांबतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. मागच्या उन्हाळ्यात त्यांना दोनदा लघवीचा संसर्ग झाला. रजेच्या अर्जात त्यांनी ताप लिहिला, कारण तो अर्ज चार टेबलांवरून जातो.

नाना बुटांकडे बघत राहिले. मी डायरीत लिहून घेत होतो, पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. माझ्या हाताखालीही दोन वनरक्षक बाया होत्या. त्यांनाही उन्हाळ्यात ताप यायचा. मी सही करायचो आणि काळजी घ्या म्हणायचो. कसला ताप, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी त्या रात्रीच अर्ज लिहिला. आयुष्यात लिहिलेल्या अर्जांपैकी तो सगळ्यात चांगला होता. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर ठिकाणी नाका अस्तित्वात असल्याची नोंद आढळून येत नाही, सबब तेथे स्वच्छतागृहाचा प्रश्न उद्भवत नाही. चौकशी केल्यावर कळलं की तो नाका पूर्वी कधी तरी एका हंगामापुरता टाकला होता आणि काढायचं राहून गेलं होतं. नानांनी उत्तर दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "मग ही बाई रोज जाते कुठे?" मी म्हटलं, ते यात लिहिलेलं नाही.

ताईंना मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, आता उशीर झाला तरी गैरहजेरी लागायची नाही.

नानांचा कागदावरचा विश्वास त्या दिवशी थोडा हलला असावा, कारण दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा गाडी काढायला सांगितली. ह्या वेळी ते नाक्याच्या आजूबाजूला चालत फिरले. दोनशे पावलांवर एक घर होतं. तिथे एक म्हाताऱ्या अक्का एकट्या राहत. थोडी कोरडवाहू जमीन, ज्वारी, आणि बाकी जंगलातून मोहाची फुलं, डिंक, लाकूडफाटा. घराच्या मागे सरकारी योजनेतून बांधलेलं शौचालय होतं, निळ्या दाराचं. ताईंनी सांगितलं, त्यात जमिनीपासून छतापर्यंत सरपण भरलेलं आहे.

त्यांना कसं माहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की अक्का रोज मोळी घेऊन नाक्यासमोरूनच जातात आणि त्या निळ्या दाराआड रचतात. नियमाने त्यांनी मोळीत काय आहे ते पाहायला हवं होतं.

"मग तुम्ही काय करता?" नानांनी विचारलं.

"मोळी दिसली की मी दुसऱ्या बाजूच्या गाड्यांकडे बघते."

आम्ही दोघं अक्कांकडे गेलो. आम्ही खाकीत होतो, ही चूक झाली. अक्का निळ्या दारासमोर हात पसरून उभ्या राहिल्या आणि बठ्ठी, म्हणजे सगळी, लाकडं सुकी असल्याचं आम्ही न विचारताच सांगू लागल्या. नाना मूळचे तिकडचेच. ते ओट्यावर बसले आणि अहिराणीत सावकाश सांगत गेले, की आम्ही लाकडासाठी आलो नाही, दारासाठी आलो आहोत. अक्कांना हे पटायला वेळ लागला. लाकडासाठी न आलेले जंगलखात्याचे लोक त्यांनी पाहिले नव्हते. शेवटी ताईंची अडचण त्यांना कळली. त्यांनी हात खाली घेतले.

"मंग पाऊसमा हाई बठ्ठं सरपण मी कोठे ठेवू?"

परत येताना आम्ही तापीचा पूल ओलांडला. पुलानंतर नाना मागून म्हणाले, "आपण छप्पर घालून देऊ."

मी विचारलं, सरपणाला? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, आपल्याच जंगलातल्या? नाना म्हणाले, ते कुठलं आहे हे आपण विचारलेलं नाही.

मे महिना संपता संपता एका रविवारी आम्ही अकरा सदस्य तिथे जमलो. छपरासाठी बांबू आणले ते सरकारी लाकूड-आगारातून, पावती आणि वाहतूक परवान्यासकट. नाक्यावर ताईंनी आमची गाडी थांबवली, परवाना तपासला, बांबू मोजले आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. नानांनी तिथे सही केली.

मग आम्ही ती खोली रिकामी करायला घेतली. जंगलखात्याच्या माणसाच्या हातात लाकूड आलं की त्याला त्याचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हा धावडा, हा अंजन, ही बोर, असं चाललं होतं. मग एकाच्या तोंडून निघून गेलं, हा साग. सगळे थांबले, कारण साग परवान्याशिवाय तोडणं गुन्हा. अक्का म्हणाल्या, तो जुन्या खाटेचा पाय आहे. नाना म्हणाले, असेल, खाटेला पाय असतात. त्या पायाला साल होती. आम्ही तो नव्या छपराखाली सगळ्यात तळाशी ठेवला आणि त्यावर बाकीची लाकडं रचली.

खोलीच्या कोपऱ्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली सापडली. तिला उठवायचं नाही, असं अक्कांनी स्पष्ट सांगितलं. त्यामुळे सगळं तयार असूनही ती खोली पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबली. दुपारी अक्कांनी आम्हाला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा दिला. चुलीत कोणतं लाकूड आहे, हे कोणी पाहिलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंचा मला एकाच शब्दाचा निरोप आला. "झालं."

वार्षिक सभेत मला अहवाल वाचायचा होता. मी लिहिलं, सदस्यांनी सातपुडा परिसरात एक दिवसाचे श्रमदान शिबिर घेतले व ग्रामस्थांशी सुसंवाद साधला. भुसावळकडच्या एका सदस्याने शिबिराचा विषय विचारला. नानांनी उत्तर दिलं, सुकं लाकूड भिजू नये हा विषय होता. सदस्याचं समाधान झालं.

त्यानंतर नाना पेन उघडून म्हणाले की चौदावी मागणी आता निवेदनातून काढायला हरकत नसावी. मला त्यांचं मन कळत होतं. इतकी वर्षं अध्यक्ष राहून निदान एक तरी मागणी पूर्ण झाली म्हणून खोडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण ताई उभ्या राहिल्या आणि काढू नका म्हणाल्या. अक्कांनी उपकार केलाय, खात्याने काही दिलेलं नाही. उद्या माझी बदली झाली तर तिथल्या नाक्याजवळ अशा अक्का असतीलच असं नाही. नानांनी थोडा विचार केला, पेनला टोपण लावलं आणि बरोबर आहे म्हणाले. त्याच सभेत ताईंना सहचिटणीस केलं. त्यांनी लगेच एक काम मागितलं. दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या नाक्यांवर जाऊन काय आहे, काय नाही, ते लिहून आणायचं.

चोपड्याच्या बाजूच्या एका नाक्यावर मी त्यांच्यासोबत होतो. तिथे पन्नाशी ओलांडलेला, भरघोस मिशांचा एक वनरक्षक होता. ताईंनी छापील तक्त्यावरून एकेक प्रश्न विचारला. दिवा आहे का, पाणी आहे का, स्वच्छतागृहाची अडचण आहे का. तो प्रत्येक वेळी, काही अडचण नाही, असं सांगत गेला. ताईंनी तसं लिहून घेतलं.

मी गाडीला किक मारणार तेवढ्यात तो जवळ आला. तो तक्ता फक्त लेडीजसाठी आहे का, असं त्याने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही, सगळ्यांसाठी आहे.

"मग माझं बदलून लिहा," तो म्हणाला. "माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. तासातासाला नाल्यात उतरावं लागतं. पण आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं, मग सांगायचं कोणाला?"

ताई गाडीवरून उतरल्या. त्यांनी तक्ता पुन्हा बाहेर काढला, सीटवर ठेवला आणि त्याला पहिल्यापासून सगळे प्रश्न परत विचारले.